बेन सांगायला येतात

बेनच्या मजल्यावर माणसांना नावं नव्हती. मी सुरतेच्या भेस्तान भागातून यायचे, म्हणून मी भेस्तान. माझ्या डावीकडे कतारगाम बसायचा, उजवीकडे उधना. डिंडोलीहून दोघं यायची, म्हणून त्यातला एक स्टेशन झाला आणि दुसरी तलाव. “भेस्तान, तुमचा फोन वाजतोय. तलाव, शेठचं बिल निघालं का?” अशा हाका दिवसभर चालायच्या. नवा माणूस पहिल्या दिवशी बावरून इकडेतिकडे बघायचा. आठवड्याभरात त्यालाही त्याची वस्ती चिकटायची आणि स्वतःच्या नावानं हाक आली की तोच दचकायचा.

ही सवय बेनना कुरिअरच्या ऑफिसात लागली होती. कॉलेज करता करता बेन तिथं पार्सलं वेगळी करायच्या. पार्सलावरचं नाव कुणी वाचत नसे, फक्त एरिया. पुढं शिकल्या, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, चढत चढत मॅनेजर झाल्या. एरिया मात्र सुटला नाही. आणि गंमत अशी, की पार्सलासारखी हाक मारणारी ही बाई पोरासोरांनासुद्धा अहो-जाहो करायची. काल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरालाही “वराछा, तुम्ही जेवलात का?”

त्या मूळच्या नंदुरबारकडच्या, राहायला डिंडोलीत, म्हाताऱ्या आईबरोबर. आम्ही बरेच जण खानदेशातले, घरी अहिराणी बोलणारे, तरी त्यांना ताई वगैरे कुणी म्हटलं नाही. सुरतेत बाई म्हणजे बेन. सुती साडी, तिच्याखाली धावायचे बूट, आणि दोरीला बांधून गळ्यात सोडलेला चष्मा. दुपारी जेवताना त्या खुर्ची खिडकीकडे वळवून सगळ्या मजल्याकडे पाठ करायच्या. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायचं नाही. एकदा नवा एचआरवाला हसत हसत डबा घेऊन शेजारी जाऊन बसला. बेननी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवण संपल्यावर हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “हं, आता बोला. काय म्हणत होतात?”

गिऱ्हाइकाशी बोलताना त्या उभ्या राहायच्या. फोन आला की उठल्याच. व्यापारी कितीही तापलेला असो, “बोलो ने शेठ, शुं थयुं?” म्हणून एकदा सुरुवात झाली की थोड्या वेळानं पलीकडचा आवाज खाली यायचा. आम्हाला “सर्व्हर डाऊन आहे” म्हणायची बंदी होती. “सर्व्हर काय त्यांच्या मामाचा मुलगा आहे का? म्हणा, आमच्याकडून बंद पडलंय. कधी सुरू होईल ते सांगा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा.”

काम काय, तेही सांगते. रिंग रोडच्या कापड मार्केटातल्या दुकानांना बिलं करायला आणि मालाचा साठा ठेवायला लागणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवायची. बनवणारे वरच्या मजल्यावर. ते अडलं की व्यापाऱ्यांचे फोन घेणारे आम्ही खालच्या मजल्यावर. आमच्यातल्या बहुतेकांचे बाप लूमवर, कापड रंगवायच्या डाईंगमध्ये नाहीतर रेल्वेत. एसीत बसून काम करणारी घरातली पहिलीच माणसं आम्ही. माझे वडील शेजाऱ्यांना सांगायचे, “पोरगी कॉम्प्युटरमधी आहे.” कॉम्प्युटरवर नाही, कॉम्प्युटरमधी.

मग बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. केक आला, फुगे आले. भिंतीवरच्या पडद्यावर निळ्या शर्टातले एक साहेब दिसायला लागले आणि हिंदीत म्हणाले, “आज से हम सब एक परिवार हैं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेन माझ्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “घरात कुणी आजारी पडलं तर रजेचा अर्ज लागत नाही, भेस्तान. ही कंपनी आहे. कंपनीसारखी नीट वागली तरी पुष्कळ झालं.” मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं. आनंदाच्या दिवशी असं का बोलावं, असं मनात आलं. केकही त्यांनी घेतला नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी आमचे लॅपटॉप उघडेनात. पासवर्ड चुकला असेल म्हणून जो तो पुन्हा पुन्हा टाकून बघत होता. तेवढ्यात पडदा उजळला. तेच साहेब, शर्टही निळाच. दोन्ही कंपन्यांची कामं एकत्र होतायत, नवी रचना होतेय, काही रोल्स इम्पॅक्ट झालेत, हा प्रवास सगळ्यांसाठी अवघड आहे, असं त्यांचं चाललं होतं. स्टेशननं मला हळूच विचारलं, “आपली बदली होतेय का गं?”

बेन उठून उभ्या राहिल्या. “साहेब, एक मिनट. सीधा बोलो ना. नौकरी गई, यही ना?”

साहेब थांबले. “देखिए, ये पोझिशन्स अब—”

“हाँ कि ना?”

पडद्यावरचा माणूस इकडेतिकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, “हाँ.”

“सबकी? मेरी भी?”

“जी.”

“ठीक है. अब समझा सबको.” आणि त्या खाली बसल्या.

वरचा मजला राहणार होता. आमचं काम दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राकडे जाणार होतं, बरंचसं चॅटवर. तलावला रडू फुटलं. घाईत असल्या किंवा माया दाटून आली की बेन अहिराणीत जायच्या, तेव्हा अहो-जाहोही गळून पडायचं. त्या तिच्याजवळ गेल्या. “काय रडी ऱ्हायनी माय? कोणी मरनं का?” तलाव रडता रडता हसली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. लॅपटॉप बंद केले होते, पण फोन तोडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. एक वाजला, मग दुसरा. सुरतेत दुकानं उघडायची वेळ झाली होती.

“उचला,” बेन म्हणाल्या.

कतारगाम भडकला. “आता कशाला उचलायचे? आपण इथले नाही राहिलो.”

“आजचा पगार आहे ना? शेठच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असेल. त्यानं काय केलंय तुमचं?” आणि त्यांनी स्वतः पहिला फोन घेतला, उभ्यानं. मग आम्हीही घेतले. लॅपटॉपशिवाय जेवढं आठवणीनं सांगता येईल तेवढं सांगितलं, नवा नंबर दिला. दुपारी कुणीतरी बंगळूरहून फोन बंद केले, तेव्हा थांबलो.

निघताना बेननी सगळ्यांना थांबवलं. “आज घरी कुणी काही सांगू नका. मी येते. एका दिवसात सगळीकडे जमणार नाही, पण मी येईपर्यंत थांबा.”

उधना म्हणाला, “बेन, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत?”

“नाही ना. शाळेतलं पोर नापास झालं तर घरी जाऊन रडतं तरी. तुम्ही डबा घेऊन कुठल्यातरी बागेत जाऊन बसाल.”

मला वाटलं, नुसतं बोलतायत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेस्तानच्या आमच्या गल्लीत त्यांची स्कूटर येऊन उभी राहिली.

वडील खाटेवर बसले होते, आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. साहेबीण घरी आली म्हणून वडील उठून उभे राहिले. बेन आधी पाणी प्यायल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले आणि मग सरळच म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या मुलीची नोकरी गेली. माझी पण गेली.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बेनना विचारलं, “खरं सांगा बेन. पोरीनं काय केलं?”

हाच प्रश्न ते विचारणार, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या लेखी नोकरी दोनच कारणांनी जायची. माणसानं चोरी केली तर, नाहीतर मालकाशी भांडला तर.

“काही नाही केलं. तिनं काही केलं असतं तर मी आले नसते. बघा भाऊ, एका मालकानं दुसऱ्याची मिल घेतली. आता दोन मिल म्हणजे दोन गेट, दोन बॉयलर. नव्या मालकाला वाटलं, एक गेट पुरे. आम्ही दुसऱ्या गेटवरचे. गेट बंद झालं, माणसं वाईट नव्हती.”

वडील पुन्हा खाटेवर बसले. मग म्हणाले, “आमची पांडेसऱ्याची डाईंग विकली, तवा मला पण असंच काढलं होतं.”

आतून आईचा आवाज आला. “कधी?”

“ही तिसरी-चौथीत होती.”

आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. “तुम्ही तर रोज जायचे.”

“जायचो. उधना स्टेशनवर. बाकावर बसायचो. पाळी सुटायच्या टायमाला घरी यायचो. महिनाभर तरी असंच. मग दुसरीकडं लागलो.”

“आन् डबा?”

“तिथंच खायचो.”

आईनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, “काम जड म्हणून मी एक भाकरी जास्तीची बांधायची. स्वतःच्या पानातली.”

“माहितीये,” वडील म्हणाले. “ती खाल्ली जायची नाही. कुत्र्याला घालायचो.”

बेन मध्ये पडल्या नाहीत. समजूत घातली नाही, शहाणपण सांगितलं नाही. आईला म्हणाल्या, “वहिनी, चहा टाका ना. साखर जरा जास्त.” आणि चहा होईपर्यंत, पिऊन होईपर्यंत, नंतरही कितीतरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या. आईवडिलांना माझ्या देखत एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं; कोण स्टेशनवर ओळखीचं भेटलं होतं, तेव्हा काय बहाणा केला होता, असलं सगळं निघत गेलं. माझी गेलेली नोकरी त्या घरात फार लहान गोष्ट होऊन गेली. जाताना दारात चपलांच्या ढिगातून आपले बूट शोधत बेन म्हणाल्या, “भाऊ, पोरीला चार दिवस सकाळी झोपू द्या.”

अशा त्या घराघरात गेल्या. सगळीकडे चहा मिळाला असं नाही. कतारगामचं लग्न ठरलं होतं. बेन त्याच्या वडिलांना घेऊन मुलीकडे गेल्या, सगळं सरळ सांगितलं. त्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, नाश्ता दिला, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून लग्न मोडलं. बेन पुन्हा कतारगामच्या घरी गेल्या. त्यानं नंतर मला सांगितलं, की त्या घरात आल्याच नाहीत, पायरीवरच उभ्या राहून म्हणाल्या, “मी गेले नसते तर कदाचित मोडलं नसतं. माझं चुकलं.” तो दार लावून आत गेला. पण पुढच्या घरी जायचं त्यांनी थांबवलं नाही. मी विचारलं, इतकं होऊनही कशा जाता? तर म्हणाल्या, “एका ठिकाणी चुकलं म्हणून बाकीच्यांना एकटं सोडू?”

मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागले. उधना इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर गेला. तलाव शिकवण्या घ्यायला लागली. बेन मार्केटातल्या एका शेठकडे हिशेबाचं काम बघायच्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. “भेस्तान, जेवण जातंय ना?” एवढंच विचारायच्या आणि ठेवायच्या.

दिवाळीचा सीझन आला. मार्केटात साड्यांचे गठ्ठे माणसाच्या डोक्यावरून जायला लागले आणि आमचं ते सॉफ्टवेअर अडायला लागलं. नव्या केंद्रातली मुलं हुशार होती, पण शेठ घाईत गुजराती-मारवाडी-हिंदी मिसळून काय बोलतायत ते त्यांना कळेना. चॅटवर टाइप करायला शेठना वेळ नव्हता. मग बेनच्या स्वतःच्या फोनवर व्यापारी फोन करायला लागले. बेन प्रेमानं बोलायच्या, चौकशी करायच्या, पण अडलेलं काही सोडवून द्यायच्या नाहीत. “शेठ, आता मी तिथली नाही. कंपनीला सांगा.” मला आश्चर्य वाटलं. नोकरी गेलेल्या दिवशी दुपारपर्यंत फोन उचलायला लावणारी हीच बाई! तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “त्या दिवशीचा पगार घेतला होता. आता फुकट केलं, तर आपण तिथं काय करत होतो ते कंपनीला कधीच कळणार नाही.”

कंपनीला कळलं. व्यापारी एकेक करून दुसरं सॉफ्टवेअर घ्यायला लागले, आणि निळ्या शर्टातले साहेब विमानानं सुरतेला आले. खालचा मजला पुन्हा सुरू करायचा होता. बेननी अट घातली, की बोलणं सगळ्यांसमोर होईल. आम्ही जमलो. कतारगामही आला, पण भिंतीला टेकून उभा राहिला. साहेब प्रत्यक्षात बुटके होते, थकलेले दिसत होते. म्हणाले, निवडक लोकांना परत घेऊ, त्यासाठी इंटरव्ह्यू होतील, जॉइनिंग नवीन धरलं जाईल.

बेन हिंदीतच म्हणाल्या, “काढताना कुणाचं काम बघितलं नव्हतंत साहेब. मग घेताना परीक्षा कसली?”

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला.

“ज्याला यायचंय तो येईल,” बेन पुढं म्हणाल्या. “मागची वर्षं धरून येईल. आणि हे त्यांना तुम्ही तोंडानं सांगायचं, एकेकाला, समोर बसून. त्या दिवशी पडद्यातून बोललात.”

साहेब बाहेर गेले. फोनवर बराच वेळ बोलत होते. परत आले आणि म्हणाले, सगळ्यांना घेता येईल, मागची वर्षंही धरू, पण मग मॅनेजरची जागा राहत नाही. वरून मंजुरी तेवढीच आहे. हे सांगताना त्यांचा आवाज पडला होता, कारण मॅनेजर म्हणजे कोण, ते सगळ्यांना माहीत होतं.

बेननी विचार करायलाही वेळ घेतला नाही. “मॅनेजर फोन उचलत नाही. मला फोनवर बसवा. टीमला बघायला एक जण लागेल, ते काम भेस्तान बघतील.”

मी घाबरून “मी?” म्हणाले.

“त्यांना राग आला की आवाज खाली येतो,” बेननी साहेबांना सांगितलं. “बाकी सगळ्यांचा वर जातो. माझासुद्धा.”

मग साहेब खरंच एकेकाच्या समोर बसले. माझ्यापुढे आले तेव्हा काय बोलावं ते त्यांना सुचेना. “आय ॲम सॉरी,” एवढं म्हणाले आणि हात पुढं केला. उधना इच्छापोरहून सुट्टी काढून आला होता, त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला. कतारगाम मात्र आला नाही कामावर. त्यानं वराछात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय; बेनचा फोन तो उचलतो, एवढं मला ठाऊक आहे.

पहिल्या सोमवारी बेन कोपऱ्यातल्या टेबलावर हेडफोन लावून बसल्या होत्या. मी आत गेले तर उठून उभ्या राहिल्या. “गुड मॉर्निंग, मॅडम.”

मला रडायलाच आलं. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “बेन, असं नका ना करू. मी भेस्तानच आहे.”

“बाहेर भेस्तान. इथं ती खुर्ची तुमची आहे. मीच तिला मान दिला नाही तर बाकीचे कशाला देतील?” मग जरा जवळ येऊन अहिराणीत म्हणाल्या, “आते रडू नको. समदा देखी ऱ्हायनात.”

ज्या बाईनं मला फोन धरायला शिकवलं, ती उशीर होणार असेल तर मला आधी कळवायची. माझा एखादा निर्णय चुकला तर सगळ्यांदेखत पाळायची आणि चहाच्या टपरीवर गाठून सुनवायची. मी कितीदा त्यांच्या चेहऱ्यावर कुठं ओरखडा दिसतो का ते निरखून पाहिलं. मला तो सापडला नाही. असं कसं जमतं, ते मला आजही कळलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या मालक कंपनीला परदेशातल्या त्याहून मोठ्या कंपनीनं घेतलं. या वेळी आमचा मजला वाचला. बंगळूरची माणसं गेली. त्यानंतर थोड्या दिवसांनी बेन माझ्या टेबलाशी आल्या. “मॅडम, चार दिवस रजा पाहिजे. बंगळूरला जायचंय.”

“कशाला?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “निळ्या शर्टाचा फोन होता. त्यांची नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. रोज बॅग घेऊन निघतात आणि कुठल्यातरी मॉलमध्ये बसतात.”

“आणि त्यांनी तुम्हाला फोन केला?”

“नोकरी गेलेल्यांपैकी त्यांच्या ओळखीचं दुसरं कोण आहे?” बेन म्हणाल्या, जणू हे अगदी उघड होतं. “फोनवर सांगून व्हायचं नाही. जाऊन यावं लागेल.”

ज्या माणसानं पडद्यातून आम्हा सगळ्यांना घालवलं, ज्याच्यामुळं यांची खुर्ची गेली, त्याच्या बायकोला धीर द्यायला ही बाई रिझर्वेशन न मिळालेल्या गाडीनं निघाली होती. मी रजा दिली. दुसरं काय करणार? डिंडोलीला त्यांच्या आईजवळ झोपायला तलाव गेली.

बेन परत आल्या त्या सरळ ऑफिसातच. साडी चुरगळलेली, डोळे प्रवासानं लाल. मला राहवेना. “त्यांची बायको काय म्हणाली?”

“तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.”

“मग तुमची खेप फुकटच गेली की हो.”

“फुकट कशी? तिला ठाऊक आहे, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?” बेननी पिशवी टेबलाखाली सरकवली आणि हेडफोन गळ्यात अडकवला. “दोघं एकमेकांशी बोलायला लागली, तशी मी उठले. चहासुद्धा राहिला.”